गिरजामावशीचा काढा

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. आमच्या घरातल्या कुणी हे वाक्य वाचलं तर आधी हसेलच — कारण न सांगितलेलं असं काही माझ्यापाशी शिल्लक असेल यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही. आमच्या सगळ्या गोतावळ्यात बोलण्याचं खातं माझ्याकडे आहे. लग्न असो, साक्षगंध असो, नामकरण असो — जेवणं आटोपली, सतरंजी टाकली की एखादं पोट्टं म्हणतंच, "मनोहरदादाले बसवा रे मधात." मग मी बसतो. सुटलेलं पोट, नाकावरून घसरणारा चष्मा, आणि एका तोंडातून चार माणसांचे आवाज. बायको आतून म्हणते, "झालं यायचं आकाशवाणी केंद्र सुरू." तिच्या आवाजात कौतुक किती आणि कंटाळा किती, हे मला अजून कळलेलं नाही.

सगळ्यात जास्त मागणी असते ती काढ्याच्या गोष्टीला.

तुम्हालाही आधी तीच सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. माझी मावसबहीण रंजना — राजुऱ्याची — भल्ली पळायची. पळत पळत पार राष्ट्रीय शिबिरापर्यंत गेली. तिची माय, म्हणजे आमची गिरजामावशी, तिला रोज पहाटे काढा पाजायची आणि त्या काढ्यात मोहाची वाळकी फुलं टाकायची. शिबिरात पोरीची लघवी तपासली तर त्यात उत्तेजक सापडलं. साहेबांनी विचारलं, काय खाल्लंस? ती म्हणाली, काही नाई, मायच्या हातचा काढा. कशाचा? मोहाचा. इथे मी साहेबांचे डोळे करून दाखवतो, मग मावशीचा पदर करून दाखवतो, आणि शेवटी म्हणतो — मोहाच्या जोरावर दारूच्या गुत्त्यापर्यंत पळणारे लय पाह्यले, आमची पोट्टी एकटी दिल्लीपर्यंत पळाली. एवढ्यावर सतरंजीवरची माणसं आडवी होतात.

या गोष्टीत पळणं खरं आहे. शिबिर खरं आहे. काढाही खरा आहे. फक्त एक गोष्ट मी फिरवलेली आहे — आणि तीच सांगायला आज बसलो आहे. पण बघा ना, चार माणसांचे आवाज काढणाऱ्याला स्वतःचा आवाज काढायला किती वेळ लागतो आहे.

कुठून सुरू करू?

सोलच्या ऑलिंपिकचं वर्ष होतं. मी राजुऱ्याला एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. बारावी सायन्सला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा तिथूनच परत आलो, म्हणजे डॉक्टर होण्याच्या रस्त्यावर मी दोनदा निघालो होतो असंही म्हणता येईल. मी तसंच म्हणायचो. आमचे डॉक्टर माणूस चांगले, पण आठवड्यातले निम्मे दिवस चंद्रपूरला. मग मागे दवाखाना कुणाचा? रस्त्यानं जाताना म्हातारी माणसं "डाक्टरसाहेब, जयभीम" म्हणायची. मी त्यांना दुरुस्त करायचो का? छे. उलट चाल थोडी संथ करायचो, आजूबाजूच्या चार लोकांनाही ऐकू जावं म्हणून.

आता पुडीबद्दल सांगायला हवं. आज गोळी चकचकीत पाकिटात येते, तिच्यावर नाव असतं, आत काय आहे तेही बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तेव्हा आमच्याकडे पुडी होती. मोठमोठ्या डब्यांतून गोळ्या काढायच्या, खलात टाकायच्या, घोटून भुकटी करायची आणि जुन्या कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदाचे चौकोन कापून त्यात बांधायची. एक पुडी सकाळी, एक संध्याकाळी, कोमट पाण्यातून. आत काय आहे हे कुणी विचारत नसे. विचारणं म्हणजे दवाखान्यावर अविश्वास. आणि आम्हीही सांगत नसू — सांगितलं तर माणूस पुढच्या वेळी सरळ मेडिकलमधून तीच गोळी आणेल, आमच्याकडे कशाला येईल? त्यामुळे पुडीवर नाव नसणं हा कुणाचा निष्काळजीपणा नव्हता, त्या धंद्याची ती रीतच होती. माझ्या पुडीची घडी मात्र अशी की पिशवीत उलटीसुलटी झाली तरी कण सांडायचा नाही. त्या घडीचा मला अभिमान होता. माणसाला कशाकशाचा अभिमान असतो.

रंजना पहाटे उठून बल्लारपूरच्या रस्त्यानं नदीच्या पुलापर्यंत पळायची आणि परत यायची. कोळशाचे ट्रक अंगावरून जायचे. घरी आली की तोंड धुतलेलं पाणी काळं. तिचे पीटीचे उरकुडे सर मागून सायकलनं यायचे, कधी घड्याळ बघत, कधी ट्रकवाल्यांना शिव्या देत. कॅनव्हासचे बूट, त्यांना पुढून मावशीनं घातलेले टाके. अशा पायांनी ती जिल्ह्यात पहिली आली, मग नागपूरला विभागात आली, मग राज्यात. राज्यातून आल्यावर रेल्वेच्या संघाचे एक साहेब उरकुडे सरांना म्हणाले होते, पोरगी शिबिरात टिकली तर आम्ही तिला नोकरीसकट घेऊ. तुम्हाला कळतंय ना याचा अर्थ? बाप खाणीत खाली उतरणारा. घरात नोकरी म्हणजे खाण, एवढंच माहीत. आणि ही पोरगी पळण्याच्या जोरावर रेल्वेत.

आणि मावशी? मावशी नळावर सगळ्या बायांना सांगायची, "माह्या काढ्याचा दम हाय तो." तिच्या माहेराकडच्या जंगलात उन्हाळ्यात मोह वेचायची, छपरावर वाळवायची, वर्षभर पुरवायची. अडुळसा, आलं, गूळ आणि मूठभर मोह. पोरगी जिंकली की काढा जिंकला. आल्यागेल्याला पेला.

मला ते खुपायचं. आज हसू येतं, पण खरंच खुपायचं. घरात एक जवळजवळ-डॉक्टर असताना नाव काढ्याचं व्हावं?

मग थंडी पडली आणि रंजनाला खोकला लागला. कोळशाची धूळ आणि थंडी, छाती घरघरायला लागली. शिबिरासाठीची निवड चाचणी तोंडावर. ती दवाखान्यात आली तेव्हा डॉक्टर नव्हते. थांब म्हणायला हवं होतं — ते येणारच होते. मी म्हटलं, थांबायचं कशाला, मी हाय ना. खलात तापाची गोळी टाकली, ताकदीची टाकली, आणि दम्याच्या माणसांना आम्ही द्यायचो ती पांढरी गोळी टाकली. तिच्यात इफेड्रिन होतं. हे नाव मला माहीत होतं. डब्यावरच लिहिलेलं होतं. त्या गोळीनं छाती मोकळी होते, काळीज जोरात चालतं, झोप उडते, हेही माहीत होतं. म्हाताऱ्यांना देताना मी अर्धीच द्यायचो.

तिला पूर्ण दिली.

चाचणीहून रंजना आली ती थेट दवाखान्यात. "दादा, तुही पुडी म्हंजे काय सांगू. पाय थांबूनच नाई राह्यले बाप्पा." दवाखान्यात पाचसात पेशंट बसलेले, सगळ्यांनी ऐकलं. मला तर कुणीतरी गळ्यात हार घातल्यासारखं झालं. त्या दिवसापासून मीही सांगत सुटलो — पानठेल्यावर, न्हाव्याकडे, जो भेटेल त्याला. काढाबिढा ठीक आहे हो, पण छाती मोकळी कुणी केली?

खोकला आठवड्यात गेला. पुडी गेली नाही.

इथे मी जरा थांबतो. कारण स्वतःशीसुद्धा मी हे नेहमी असं सांगत आलो की ती मागायची म्हणून मी द्यायचो. ती मागायची, खरं आहे. पण खोकला गेल्यानंतरची पहिली पुडी तिनं मागितली नव्हती. मीच तिच्या हातात ठेवली होती, "असू दे, सरावाच्या दिवशी घेजो" म्हणून. मागणं नंतर सुरू झालं.

शिबिराला जायच्या आधी उरकुडे सर नागपूरला कसल्याशा बैठकीला जाऊन आले. आल्यावर त्यांनी मुलांना मैदानात बसवून सांगितलं की आता शिबिरात लघवी तपासायला घेतात, आणि नुसती ताकदीची इंजेक्शनंच नाही, सर्दीखोकल्याच्या साध्या गोळ्यांतही काही काही औषधं असतात जी खेळाडूला चालत नाहीत. कुठली? ते सरांनाही नीट माहीत नव्हतं. इंग्रजीत होतं, भराभर वाचून दाखवलं होतं. ते एवढंच म्हणाले, जे घेत असाल ते डॉक्टरला विचारून घ्या.

आणि रंजनानं विचारलं. हे मला सगळ्यात जास्त छळतं. आमच्या दवाखान्यात कुणी कधी विचारत नसे, ते त्या पोरीनं विचारलं. "दादा, रागावू नको, पन पुडीत काय राह्यते? सर म्हनत होते का खोकल्याच्या गोळीतबी अडचन राह्यते."

उत्तर किती सोपं होतं. मला माहीत नाही, उद्या डॉक्टर येतील, विचारतो. एवढंच. हे म्हणायला काय लागलं असतं? पण "मला माहीत नाही" हे तीन शब्द जवळजवळ-डॉक्टरच्या तोंडातून निघतात का? दोन-तीन महिन्यांपूर्वीच पेपरात त्या परदेशी धावपटूचा फोटो येऊन गेला होता — ऑलिंपिकचं पदक काढून घेतलं म्हणून. तो मी वाचला होता, वाचून पानठेल्यावर भाषणही दिलं होतं. त्या भाषणाच्या जोरावर मी तिला म्हटलं, "ते त्या सुया टोचून घेनाऱ्यायसाठी हाय. आपली साधी पुडी. तू पळ, पुडीचं मी पाह्यतो."

नियम मला माहीत नव्हता, हे खरं आहे. पण आपल्याला तो माहीत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. डबा माझ्या डोक्याच्या वरच्या फळीवर होता, नाव त्याच्यावर होतं, दुसऱ्या दिवशी डॉक्टर आलेही. मी त्यांना विचारलं नाही. का विचारलं नाही? विचारलं असतं तर कळलं असतं की मी परस्पर पुड्या देतो.

तिला प्रवासासाठी नेहमीपेक्षा जास्त पुड्या बांधून दिल्या. घडी उत्तम होती.

मग रंजना परत आली. शिबिर संपायच्या कितीतरी आधी. मावशीच्या घरी भिंतीला टेकून बसलेली. लोकांना वाटलं पाय मोडला असेल. पाय धड होते. 

उरकुडे सर दुपारी दवाखान्यात आले. पेशंट कुणी नव्हतं. सायकल भिंतीला टेकवून आत आले, बाकावर बसले, रुमालानं मान पुसली. सर मोठ्यानं बोलणारे, मैदानभर ऐकू जाणारे, पण त्या दिवशी आवाज अगदी खाली. म्हणाले, "मनोहरभाऊ, पोरीच्या लघवीत उत्तेजक निघालं. नाव इंग्रजीत, ध्यानात नाई राह्यलं, वाचलं तं ओळखीन. तिनं दोन गोष्टी सांगतल्या. मायचा काढा आन् तुमची पुडी. माह्यापाशी एकच वाट हाय. पुडीत काय होतं ते तुमच्या डॉक्टरकडून कागदावर भेटलं, खोकल्यासाठी दिलं होतं असं, तं मी जातो पुन्हा त्यायच्यापाशी. पाय धरतो. आजारपनाचं औषध होतं म्हटलं तं काही तरी सोडतील तिले."

ऐकलंत ना? खरं सांगितलं असतं तर कदाचित ती सुटली असती. नक्की नाही. पण वाट होती, आणि सर त्या वाटेनं जायला तयार बसले होते.

मी त्यांच्यासमोर उभा होतो. डबा माझ्या पाठीमागे. मला वाटत होतं की आता सर मान वर करतील आणि वाचतील. त्यांनी मान वर केली नाही. ते माझ्याकडे बघत होते, अगदी भरवशानं — आणि मला, काय सांगू, त्यांच्या त्या भरवशाचा राग आला. म्हटलं, "सर, साधी तापाची गोळी अन् ताकदीची. लेकराले देतो तेच. त्याच्यानं काही होत नाई."

सर रुमाल खिशात ठेवून उठायला लागले. आणि मग मी जे बोललो, ते मला कुणीही विचारलेलं नव्हतं. हे लक्षात घ्या. खोटं बोलून मी तिथे थांबू शकलो असतो.

मी म्हणालो, "पन सर, मावशीच्या काढ्यात मोह राह्यते."

झालं. सांगितलं. एवढंच वाक्य होतं ते, आणि ते लिहायला मला इतकी पानं फिरून यावं लागलं.

कारणं होती. डॉक्टरांना कळतं तर नोकरी गेली असती, परवाना नसताना औषध दिलं म्हणून आणखी काय काय झालं असतं, माझं लग्न जुळत आलं होतं. ही कारणं मी मघाशी सविस्तर लिहिली होती, आणि मग वाचून माझीच मला चीड आली. फाडून टाकली. कारणं नसतात कुणाला? 

मोह म्हणजे दारू, दारू म्हणजे नशा, आणि नशा म्हणजेच ते उत्तेजक — हे आमच्या भागात कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. आपोआप पटतं. उकळलेल्या फुलांत दारू नसते, हे वेचणाऱ्या बाईला ठाऊक असतं. पण पेपरात येणाऱ्या मोठमोठ्या शब्दांपुढे तिचं ठाऊक असणं टिकतं का? सरांनाही पटलं. त्यांनी वर तसंच कळवलं. आणि काढा हा काही आजारपणाचं औषध धरला गेला नाही — पळायला जोर यावा म्हणून मुद्दाम पाजलेलं काहीतरी जंगली टॉनिक धरलं गेलं. मावशी स्वतःच तर गावभर सांगत होती, काढ्याचा दम म्हणून. साक्ष तिचीच तिच्यावर फिरली. पुडीचा दम म्हणून मीही गावभर सांगत होतो, पण पानठेल्यावरच्या बोलण्याला कोण विचारतो?

रंजनावर काही महिन्यांची बंदी आली. महिने गेले, बंदी गेली, पण तिला बोलवायला पुन्हा कुणी आलं नाही. रेल्वेचे साहेबही नाहीत. सर एक-दोनदा घरी आले, पहाटे ये म्हणाले. ती गेली नाही. पुढे बल्लारपूरला लग्न झालं. नवरा चांगला, मुलं चांगली. पण अजूनही ती फाटकातून रस्त्यावर येते तेव्हा आधी एकदा लांबवर बघते. मी बघितलंय.

आणि मावशी. छपरावरच्या मोहाचं गाठोडं तिनं नाल्यात नेऊन ओतलं. आमचं घर पंचशील घेणारं, मद्य वर्ज्य. विहारात कुणी बाई बोलून गेली, "तोंडानं पंचशील, अन् पोरीले मोह पाजते." तेव्हापासून वंदनेला मावशी सगळ्यात मागे, चपलांच्या जवळ बसायला लागली. पुढे बोलावलं तरी यायची नाही. घरात कुणाला ताप आला तर तुळशीचं पानसुद्धा स्वतःच्या हातानं द्यायची नाही — "मनोहरकडे न्या" म्हणायची.

एकदा दवाखान्यात आली. बाहेरच्या ओट्यावर बसून राहिली, गर्दी संपेपर्यंत. मग म्हणाली, "मनोहर, तू शिकलेला हायस बापू. मले खरं सांग. मोह उकळला तरी चढते काय रे? मी तं लहानपनापासून प्याली. मले काऊन नाई चढला कधी?"

ती मला सोडवत होती — तिला ते माहीत नव्हतं. उत्तर तिच्याच तोंडात होतं, मी फक्त हो म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "प्रत्येकाच्या रक्तावर राह्यते, मावशी. कधी कधी चढते."

ती उठली, पदर नीट केला आणि गेली. एवढं खोटं तिला पुरलं. जन्मभर पुरलं.

मला राग येतो, तुम्हाला सांगतो. त्या बैठकीवर येतो — नियम करणाऱ्यांनी तो इंग्रजीत वाचून दाखवला आणि हात झटकले, राजुऱ्याच्या पोरीला कोणत्या डब्यात काय असतं हे कोण सांगणार होतं? पुडीच्या त्या रीतीवर येतो. मान वर न करणाऱ्या सरांवर येतो. गोष्ट ऐकून हसणाऱ्या माणसांवरसुद्धा येतो. असा सगळीकडे फिरून राग परत घरी येतो, आणि घरी मीच असतो, चष्मा पुसत.

गोष्ट कशी झाली तेही सांगून टाकतो. कुणाचं तरी लग्न होतं. पंगतीत एका लांबच्या पाहुण्यानं रंजनाला विचारलं, काय गं, पळणं काऊन सोडलं? सगळे गप्प. मावशी वाढत होती, तिचा हात तसाच. मला गप्प बसलेली माणसं सहन होत नाहीत, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेलच. मी तोंड उघडलं आणि साहेबांचे डोळे करून दाखवले. लोक हसले. आणि रंजनाही हसली — त्या सगळ्या प्रकारानंतर पहिल्यांदा. मी स्वतःला म्हटलं, बघ, किती हलकं केलंस तू. पुढच्या लग्नात कुणी मागणी केली. पुढच्यात मी मावशीचा पदर घातला. दारूच्या गुत्त्याचं वाक्य खूप नंतरचं आहे. ते सुचलं त्या दिवशी मला जेवण गोड लागलं होतं.

पुडी बांधण्याची चूक समजा एका घमेंडखोर पोराची. सरांपुढचं खोटं समजा एका भित्र्या माणसाचं. पण ही गोष्ट? ही मी पोक्त झाल्यावर, खाऊनपिऊन सुखी असताना, स्वतःचं मेडिकलचं दुकान थाटल्यावरही सांगत होतो. मावशी समोर बसलेली असायची, सतरंजीच्या कडेला. सगळे हसले की तीही पदर तोंडाला लावून हसायची. आणि मी तिच्याकडे बघून तिचीच नक्कल करायचो.

मावशी या उन्हाळ्यात गेली. पिकलं पान होतं, सगळे म्हणाले सुटली. मातीहून आल्यावर लोक पांगले. दुपारची वेळ, अंगणात लिंबाखाली रंजना आणि मी दोघंच बसलो होतो. तिचे केस अर्धे पांढरे झालेत. बराच वेळ ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. मग म्हणाली, "दादा, एक सांगू काय तुले? मी मायले त्या काढ्यावरून कधी एक शब्द नाई बोलली. हसलीच मी तं. पन मनातून तिले सोडलंबी नाई. ती ताटात वाढे ना, तं मले तिच्या हाताचा राग ये. मरेपर्यंत ये. आता ती गेली, आता हे कोनाले सांगू? म्हनून तुले सांगून राह्यली."

घरात कुणी नव्हतं. रस्त्यानं कुणी जात नव्हतं. सांगायचं असतं तर याहून मोकळी जागा, याहून मोकळी वेळ मला मिळणार नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे, रंजना. मावशीनं काही मुद्दाम नाई केलं."